साथीच्या काळातली कृतज्ञता : गावात हा विषय कुठून सुरू करावा?

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोरोनाच्या दोन्ही लाटांत त्यांचे गाव एकमेकांना धरून राहिले. आजारी घरांत डबे पोचले, परगावाहून पायी आलेल्यांची सोय शाळेच्या खोल्यांत झाली. त्या आठवणी विरून जाऊ नयेत आणि पुढे पुन्हा अशी साथ आलीच तर गावाला त्यांचा आधार असावा, या विचाराने त्यांनी बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीला त्या काळातल्या तीन चांगल्या गोष्टी सांगायला सांगितल्या. चार-पाच जणी बोलल्या. दुसऱ्या लाटेत नवरा गमावलेली एक बाई मात्र काही न बोलता उठून गेली आणि त्यानंतर बैठकीला फिरकलेली नाही. कृतज्ञतेने मन सावरते असे सगळीकडे सांगितले जाते, मग इथे काय बिनसले, आणि साथीच्या काळात माणसे जोडून ठेवायची तर नेमके काय करावे, असे त्या विचारतात.

ताई, तुमचा हेतू योग्य आहे आणि विषयही महत्त्वाचा आहे. विदर्भातल्या गावांमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना मला जे दिसले, त्यावरून सांगते की अडचण क्रमाची आहे. आधी दुःख ऐकून घेतले जावे लागते, मग ज्याचे जे हक्काचे आहे ते त्याच्या हातात पडावे लागते, आणि त्यानंतर आभाराला जागा होते. हा क्रम बदलला की कृतज्ञतेची गोष्ट ऐकणाऱ्याला ‘झाले ते विसर आणि गप्प बस’ अशी ऐकू येते. त्या बाईंना बहुधा तेच ऐकू आले असावे.

तुम्ही घेतलेला उपक्रम कुठून आला हे समजून घेतले तर त्याच्या मर्यादा आपोआप कळतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दर आठवड्याला आपल्या आयुष्यातील आभार मानावेत अशा गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, तर इतरांना त्रासाच्या किंवा साध्या घडामोडी लिहायला सांगितल्या होत्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले. २००५ साली मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणे लिहिण्याचा प्रयोग आठवडाभर करून घेतला, त्याचाही काही जणांना बरेच महिने उपयोग झाला. मात्र हे सगळे लोक स्वतःपुरते लिहीत होते, त्यांची निवड मोठ्या शोकाच्या आधारावर झालेली नव्हती, आणि त्यांचे लिहिलेले शेजारीण ऐकत नव्हती. पुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये घेतला गेला, तेव्हा उदासीनता आणि चिंता यांच्या लक्षणांवर या उपक्रमांचा परिणाम अगदी थोडा असल्याचे दिसले. म्हणजे ही मनाची चांगली सवय आहे, उपचार नव्हे. दहा-बारा ओळखीच्या बायकांसमोर, सतरंजीवर बसून, तोंडाने तीन चांगल्या गोष्टी सांगणे ही तर वेगळीच परीक्षा आहे. तिथे प्रत्येक बाई काय सांगते याच्याइतकेच काय लपवते हेही बाकीच्यांना ठाऊक असते.

आता त्या बाईंच्या बाजूने पाहू. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल महाराष्ट्राला आपल्याच भागातून, अमरावती आणि यवतमाळकडून लागली, आणि एप्रिल येईपर्यंत तालुक्याच्या ठिकाणीही खाट मिळेना. पेशंट जिल्ह्याला किंवा नागपूरला नेला जाई आणि मागे राहिलेल्यांना फोनवरच जे कळेल ते कळे. मृत्यू झाला तर अंत्यविधी बहुतेक वेळा तिथेच होई. गावातही वीसपेक्षा अधिक माणसे जमवायला मनाई होती. तेरवी घरच्या घरी, काही घरांत तीही नाही. आपल्याकडे मौत झालेल्या घरात दिवसभर बायका येऊन बसतात, काही बोलत नाहीत, कुणी पाणी भरते, कुणी लेकरांना आपल्या घरी जेवायला नेते आणि चूल पेटवण्याची वेळ त्या घरावर येऊ देत नाही. आजवर आपल्या गावांनी शोक पचवला तो याच बसण्याच्या बळावर. साथीने नेमके तेच बंद केले. चेहरा शेवटचा पाहता आला नाही, माणसे बसायला आली नाहीत, आणि जेव्हा सगळे मोकळे झाले तेव्हा हंगाम सुरू झाला होता. त्या बाईंच्या घरी राहून गेलेले ते बसणे अजून झालेले नाही. त्यांना आनंदाच्या तीन गोष्टी विचारण्याआधी गावाने ते करायला हवे.

म्हणून तुमचे पहिले काम बैठकीबाहेरचे आहे. एखाद्या दुपारी, शाळा सुटल्यावर, एकट्याच किंवा त्यांच्या जवळच्या एका बाईला सोबत घेऊन त्यांच्या घरी जा. बैठकीला का येत नाही हा विषय काढू नका. त्यांच्या नवऱ्याबद्दल विचारा: ते शेतात काय पेरायचे, बैल कसे सांभाळायचे, आजारी पडले तेव्हा कोण घेऊन गेले, शेवटचा फोन कधी झाला. हे विचारले तर त्या रडतील, आणि जखम उकरली अशी भीती तुम्हाला वाटेल. माझा अनुभव असा आहे की ज्याचे माणूस गेले त्याला त्या माणसाचे नाव कुणी घेत नाही याचेच दुःख फार असते. नाव घेतले की बाई मोकळी होते. मध्येच ‘जाऊ द्या, देवाची मर्जी’ असे म्हणू नका. उठताना पुन्हा कधी येणार ते सांगा आणि त्या दिवशी जा.

दुसरे काम कागदांचे आहे आणि ते भावनेच्या कामापेक्षा कमी दर्जाचे समजू नका. कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर झाले होते. पतीच्या मृत्यूनंतर एकट्या पडलेल्या महिलांपर्यंत शासकीय योजना पोचाव्यात म्हणून महाराष्ट्रात २०२१ मध्ये मिशन वात्सल्य सुरू झाले. संजय गांधी निराधार अनुदान योजना तर आधीपासूनच आहे. त्या बाईंना यांपैकी काय मिळाले, मृत्यूच्या दाखल्यावरचे कारण काय लिहिले आहे, सातबाऱ्यावर त्यांचे नाव चढले की दिरांचे, हे विचारा आणि जे अडले असेल त्यासाठी तलाठ्याकडे आणि तहसीलमध्ये त्यांच्यासोबत जा. हक्काचे अडकून पडलेले असताना मिळालेल्या डब्याबद्दल आभारी राहा असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. मदतीबद्दल माणूस कृतज्ञ असतो. हक्काबद्दल त्याला कृतज्ञ राहायला लावू नये.

आता डब्याकडे येते, कारण तुमच्या गावाच्या चांगुलपणाची खूण म्हणून तुम्ही तोच सांगितला आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. आपल्याकडे शेजारचे भांडे रिकामे परत करत नाहीत. कुणी वाटीभर भाजी दिली तर ती वाटी धुऊन, त्यात चिमूटभर साखर का होईना घालून परत जाते. गरिबातली गरीब बाईही हा रिवाज पाळते, कारण त्यामुळे ती घेणारी राहत नाही, देणाऱ्यांच्या रांगेत येते. साथीच्या काळात डबे कुंपणावर किंवा छपरीच्या कठड्यावर ठेवले गेले, लांबून हाक मारून. ज्यांच्या घरी आजार होता त्यांचे भांडे परत घ्यायला लोक घाबरत, आणि ते स्वाभाविकही होते. परिणामी कित्येक घरांत शेजाऱ्यांचे स्टीलचे डबे तसेच पडून राहिले. एका गावात एका आजीने मला फळीवर ओळीने मांडलेले, घासून चकचकीत केलेले डबे दाखवले. झाकणाखाली आणि बुडाला कोरलेली नावे वाचून तिने कोणता कुणाचा ते सांगितले. त्यातल्या दोन घरी ती त्यानंतर गेलीच नव्हती. रिकामा डबा घेऊन कसे जावे, आणि भरून द्यावा तर आपल्या घरचे त्यांना चालेल का, या दोन प्रश्नांमध्ये ती अडकली होती. ज्यांनी डबे दिले होते त्यांना वाटत होते की आजी आता ओळखही दाखवत नाही.

ही गोष्ट नीट पाहा. मदत खरी होती, तिच्याबद्दलची जाणीवही खरी होती, पण परतफेडीची वाट बंद झाल्यामुळे ती जाणीव ओझे बनली आणि नाते तुटत गेले. साथीनंतर गावोगावी देणारे मोकळेपणाने बोलतात आणि घेणारे गप्प राहतात, त्यामागे मला हेच कारण दिसते. तेव्हा कृतज्ञता वाढवायची असेल तर घेतलेल्या माणसाला द्यायची संधी मिळाली पाहिजे. त्या आजीने शेवटी प्रत्येक डब्यात मूठभर सुकवलेल्या वड्या घालून ते नातीच्या हाती पाठवले आणि दोन दिवसांत त्या दोन्ही घरच्या बाया तिच्याकडे येऊन बसल्या. तुमच्या गटात त्या बाईंनाही असेच काहीतरी मागा. त्यांना शिवण येत असेल, लोणचे चांगले जमत असेल, हिशेब पक्का असेल, तर त्यासाठी बोलवा. ‘तुमचे मन हलके व्हावे म्हणून या’ या बोलावण्यापेक्षा ‘तुमच्याशिवाय हे अडले आहे’ या बोलावण्याला माणूस उठून येतो.

कृतज्ञता व्यक्त करायची ती कुणापुढे आणि कशी, याबद्दलही थोडे सांगायला हवे. सर्वांचे आभार मानले की कुणाचेच मानले जात नाहीत. ‘कोरोना योद्धा’ अशी प्रमाणपत्रे त्या काळात भरपूर वाटली गेली, पण आशाताईला आजही आठवते ते एखाद्या म्हाताऱ्याने सांगितलेले वाक्य, की तू बोटाला मशीन लावून आकडा पाहिलास आणि त्याच रात्री गाडी बोलावलीस म्हणून मी आहे. माणूस, कृती आणि परिणाम या तिन्ही गोष्टी उच्चारल्या की आभार पोचतात. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा आणि त्यांच्यासोबतचे स्वयंसेवक घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होते, आणि अनेक दारांवर त्यांना ‘तुमच्यामुळेच गावात रोग येतो’ असे ऐकून घ्यावे लागत होते. याच आशांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, त्याचा आनंद आहेच. तरी गावाने आभार मानायचे तर ग्रामसभेत तिचे काम नावानिशी सांगावे आणि तिच्या मानधनाच्या मागणीलाही त्याच सभेत पाठिंबा द्यावा. एका गावात आशाताई स्वतः आजारी पडली तेव्हा तिच्या शेतातला कापूस फुटून लोंबत होता. तिच्या वॉर्डातल्या बायकांनी दोन सकाळी जाऊन तो वेचून दिला आणि मजुरी घेतली नाही. भाषण कुणी केले नाही, तरीही त्यातून पोचायचे ते पोचले.

ज्यांचे आभार कुणीच मानले नाहीत त्यांची यादी तुम्ही जरूर करा: प्रेत गुंडाळून गाडीत ठेवणारे सफाई कामगार, दवंडी देत फिरणारा कोतवाल, विलगीकरणातल्या शाळेचे संडास धुणारी मदतनीस, रात्री-बेरात्री आपली गाडी काढणारा ड्रायव्हर. यांतले बरेच जण गावाच्या ज्या बाजूला राहतात तिकडे डबे कमी पोचले, हेही मान्य करायला हवे. साथीने अंतर ठेवायला सांगितले तेव्हा काही गावांत ते अंतर जुन्या जातीच्या रेषेवरूनच पडले. पुण्या-मुंबईहून परतलेल्यांना शिवेवर अडवले गेले, आणि तेलंगणात मिरची तोडायला गेलेले चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मजूर रानावनातून चालत आले तर त्यांनाही आधी संशयानेच पाहिले गेले. दुसरीकडे २०२० च्या मे महिन्यात हैदराबाद-नागपूर महामार्गावर पांढरकवडा, वडकी, हिंगणघाट या पट्ट्यात उत्तरेकडे चालत निघालेल्या अनोळखी माणसांना लोकांनी पाणी, जेवण, चपला दिल्या. ही दोन्ही चित्रे आपल्याच भागातली, कधी एकाच गावातली आहेत. तुमच्या बैठकीत फक्त दुसरे चित्र सांगितले गेले तर ज्यांना शिवेवर उभे केले गेले ते पुन्हा बाहेरच राहतात. त्यांनाही बोलू द्या. झालेल्याबद्दल गावातल्या जाणत्या माणसाने दोन शब्द दिलगिरीचे बोलले तर त्याचा उपयोग दहा सत्कारांपेक्षा जास्त होईल.

पुढची साथ आली तर काय करावे हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. इथे मला एका कामाचा आधार घ्यावासा वाटतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम साथीच्या काही वर्षे आधी राबवला गेला. त्यात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन उदासीनतेबद्दल साध्या भाषेत बोलणे, समजून घेणे आणि गरज पडेल तसे पुढे पाठवणे असे काम केले. उदासीनतेचा त्रास असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. ओळखीचे माणूस दारात येऊन विचारते तेव्हा लोक बोलतात, एवढे तरी यातून निश्चित दिसते. म्हणून साथ नसतानाच गावाची पाच-सहा घरांची टोळकी ठरवून ठेवा. प्रत्येक टोळक्यात एक घर विचारपूस करणारे असावे. फोन नसलेली म्हातारी माणसे, एकट्या राहणाऱ्या बाया, सालगड्यांची कुटुंबे कोणाकडे येतात हे आधीच माहीत असावे. विलगीकरणाची जागाही आधी ठरलेली बरी, कारण २०२० च्या उन्हाळ्यात खरेदी रखडल्याने कित्येक घरांची एकुलती मोठी खोली कापसाने भरलेली होती आणि आजारी माणसाला वेगळे ठेवायचे कुठे हा प्रश्न शेजाऱ्याच्या छपरीने किंवा गोठ्याने सोडवला.

बंदीच्या दिवसांत भेटता येत नाही, पण वेळ ठरवता येते. संध्याकाळी ठरलेल्या वेळी फोन येणार हे माहीत असले की एकट्या माणसाचा दिवस त्या दिशेने सरकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची परंपरा ज्या गावांत आहे तिथे तीच वेळ धरून प्रत्येकाला आपल्या अंगणातून प्रार्थना म्हणता येते, आणि ज्या मोहल्ल्यात अशी परंपरा नाही तिथे त्यांची स्वतःची वेळ असतेच. भोंग्यावरून सूचना देताना आकड्यांबरोबर आज कोण बरे होऊन घरी आले तेही संबंधितांना विचारून सांगावे.

जे राहून गेले त्यासाठी एक दिवस ठरवा असेही सुचवते. अक्षय तृतीयेला अनेक घरांत पितरांसाठी घागर भरली जाते, बौद्ध घरांत पुण्यानुमोदन असते, मुसलमान घरांची आपली पद्धत आहे. ते ज्याचे त्याने घरी करावे आणि त्यानंतरच्या एखाद्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात त्या दोन वर्षांत गेलेल्या प्रत्येकाचे नाव, मग तो मृत्यू कोविडने झालेला असो वा नसो, मोठ्याने वाचावे. नाव वाचल्यावर त्या घरातल्या कुणाला बोलायचे असेल तर त्याने बोलावे. भाषणे, पाहुणे, हार नकोत. अशा कार्यक्रमात माणसे आधी रडतात आणि मग आपणहून कुणी कधी पाणी आणून दिले, कुणी रात्रभर जागले, हे सांगू लागतात. तुम्ही बैठकीत जे विचारले होते ते तिथे कुणी न विचारता बाहेर येते.

त्या बाईंबद्दल एक काळजी मात्र घ्या. इतक्या काळानंतरही त्यांची झोप उडालेली असेल, खाणे तुटले असेल, घरातले आणि शेतातले रोजचे काम होत नसेल, सतत त्याच आठवणीत अडकून पडल्या असतील, तर हा लांबलेला शोक आहे आणि त्याला उपचाराची गरज असते. केवळ विचारपूस पुरणार नाही. जगण्यात अर्थ नाही किंवा आपणही जावे असे त्या बोलल्या तर त्यांना एकटे सोडू नका, घरातले कीटकनाशक कुलपात किंवा शेजारच्या घरी हलवा, आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि कोणत्याही वेळी लागतो, मराठीत बोलता येते. पहिल्यांदा फोन लावताना त्या संकोचतील, तेव्हा तुमच्या फोनवरून लावून द्या आणि त्यांना हवे असेल तर बोलणे होईपर्यंत जवळ थांबा.